गिल्बर्टचं ताट

मार्विनने चिरलेला कांदा पुन्हा आईच्या नाकाशी धरला, तेव्हा समीक्षाने कॅमेरा बंद केला.

“सर, पुरे. आंटींना त्रास होतोय.”

“अगं, दोन थेंब हवेत फक्त. उद्या पप्पांची पुण्यतिथी. लोक वाट बघतायत.”

लोक! समीक्षाला त्या शब्दाचीच शिसारी आली होती. ‘आधी नातं, मग माल’ हा मार्विनचा मंत्र. वर्षभर त्याने आईच्या पाककृती व्हिडिओंतून फुकट दाखवल्या, सणावाराला शुभेच्छा दिल्या, आणि मग हळूच बाटलीत भरलेला घरगुती ‘बॉटल मसाला’ विकायला पुढे सरकवला. ‘एमिलिया आंटींच्या हातचा’ तो मसाला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात दळला जायचा. आंटींनी तिथे पाऊलही टाकलं नव्हतं. तरी दिवा स्टेशनपासून खडवलीपर्यंतच्या बायका व्हिडिओखाली आपली दुखणी लिहायच्या, आणि आंटींच्या नावाने समीक्षाच उत्तरं द्यायची. त्या बावळट बायकांची तिला चीड यायची. मार्विनची तर किळसच. जीव तुटायचा तो फक्त म्हातारीसाठी. मेलेल्या नवऱ्याच्या नावाने आईला रडायला लावतो, मेला!

मार्विनचा फोन वाजला. तो बाहेर गेला.

आंटींनी कांदा उचलून कचऱ्यात टाकला.

“याला काही कळत नाही,” रुमालाने डोळे टिपत त्या म्हणाल्या. “रडणाऱ्या बाईला कोण बघतं? रडू दाबणारीला बघतात.”

“म्हणजे?”

“दिव्याच्या त्या शालनचा नवरा गेला ना गेल्या महिन्यात? तिचं नाव घेते. मग माझ्या गिल्बर्टचं ताट वाढते आणि मध्येच गप्प होते.”

समीक्षाने विचारलं, “अंकलना हा मसाला खूप आवडायचा ना?”

“त्याला? ॲसिडिटी होती त्याला. उकडलेलं खायचा, तेही शिव्या देत. चल, चालू कर.”

समीक्षाने कॅमेरा चालू केला.

“शालन, बाळा, जेवलीस का गं?” आंटी म्हणाल्या. आवाज पार वेगळा, मऊ. त्यांनी ताटात भात वाढला, त्यावर कालवण घातलं. आणखी एक पळी भरून उचलली, आणि हात तसाच राहिला.

सगळं ठाऊक असूनही समीक्षाचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच संताप आला. मान वळवून तिने घाईघाईने बाहीने डोळे पुसले.

वर पाहिलं, तर आंटी कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडेच बघत होत्या.

“झालं,” पळी खाली ठेवत त्या म्हणाल्या. “हाच व्हिडिओ ठेव.”