सहा दिवसांचं गाणं, चार कडव्यांत

राहात्याच्या कडूबाई गायकवाड अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता बाई निवांत बसतील. बसल्या, पण वही घेऊन बसल्या. तीस वर्षं पोरांना बडबडगीतं शिकवता शिकवता त्यांना यमकाची खोड लागली होती. नाताळाला एक गाणं, पुनरुत्थानाला एक, कुणाच्या बाप्तिस्म्याला एक. त्या लिहायच्या आणि त्यांचे धाकटे दीर बिभीषण चाल लावायचे. बिभीषणची पेटी रविवारी चर्चमध्ये वाजायची आणि एकादशीला गावच्या भजनी मंडळात. "भाता एकच, हवा बी एकच," असं ते म्हणायचे.

यंदा हंगामाच्या सणासाठी कडूबाईंनी मोठं काम अंगावर घेतलं. त्या रविवारी जो तो आपल्या रानातलं पिकलेलं देवापुढे आणून ठेवतो. तेव्हा गाणंही तसंच भरगच्च हवं. त्यांनी विषय घेतला जगाच्या उत्पत्तीचा. देवाचे सहा दिवस, त्यांची सहा कडवी.

दुसऱ्या दिवसाच्या कडव्यावर त्यांचा फार जीव. त्या दिवशी देवाने पाण्यापासून पाणी वेगळं केलं आणि मध्ये आभाळ घातलं. कडूबाईंनी लिहिलं होतं:

वर एक पाणी, खाली एक पाणी,
मध्ये कोण ताणी निळा पडदा.

दुपारी ओट्यावर तांदूळ निवडत त्या या ओळी इतक्यांदा म्हणायच्या की निवडलेले खडे पुन्हा तांदळात पडायचे.

बिभीषणचा जीव चौथ्या दिवसात अडकला होता. सूर्य, चंद्र आणि शेवटी 'चांदण्या'. या शब्दावर त्यांनी सूर असा वर नेला होता की तिथवर पोचताना त्यांच्या मानेच्या शिरा टरारून फुगत.

सणाला आठ दिवस राहिले आणि चर्चचे पाळक आल्हाटसाहेब तालमीला आले. डोळे मिटून त्यांनी सहाही कडवी ऐकली. "फार सुंदर," ते म्हणाले, "पण नगरहून पाहुणे उपदेशाला येतायत. गाण्याला वेळ थोडा आहे. चारच कडवी घ्या."

"साहेब, देवाला सहा दिवस लागले!" कडूबाई म्हणाल्या.

"देवाला घाई नव्हती, कडूबाई. आपल्याला दुपारी जेवण वाढायचंय."

पाळक गेले आणि कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांत, जुंपली. त्यांतल्या कल्याणची स्वतःची पेरूची बाग. तो म्हणाला, "तिसरा दिवस राहू द्या. झाडं त्याच दिवशी झाली." जयाकडे चाळीस कोंबड्या. तिने पाचव्या दिवसाला हात लावू दिला नाही, पाखरं त्याच दिवसातली. सहावा काढला तर माणूसच उरत नव्हता आणि पहिला काढला तर सगळाच अंधार.

"भावजी," कडूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "उजेड पहिल्याच दिवशी झालाय. मग चौथ्याला पुन्हा सूर्य कशाला?"

बिभीषणनी पेटीचा भाता दाबून बंद केला. पिशवीतून बायबल काढलं, बोट ठेवून पान उघडलं. "वहिनी, बघा. दर दिवशी देवानं पाहिलं की ते चांगलं हाय. दुसऱ्या दिवशी तसं म्हटलेलंच न्हाई. देवालाच जे पसंत पडलं का न्हाई ते ठाऊक न्हाई, ते आपन कशाला गायचं?"

कडूबाईंनी चष्मा लावून वाचलं. खरंच नव्हतं. तीस वर्षं बायबल वाचून त्यांना हे दिसलं नव्हतं आणि दिराला नेमकं आजच दिसावं!

कोणतं काढायचं, हे कडूबाईंनी फोनवर पाळकांना विचारलं, तर ते खूश झाले. "झालं की मग! दोन काढायची होती. एक तुम्ही काढलंत, एक त्यांनी काढलं."

"म्हणजे आभाळ न्हाई, सूर्य न्हाई," जया पुटपुटली, "माझ्या कोंबड्या उडणार कुठं?"

पुढचे आठ दिवस दीर-भावजय एकमेकांशी बोलले नाहीत. तालमीची वेळही व्हॉट्सॲपवर कळवली, तीही जयाच्या मार्फत.

सणाचा रविवार आला. वेदीपुढे ज्वारीची कणसं, उसाच्या मोळ्या, कल्याणचे पेरू आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. बायकांच्या बाजूला सतरंजीवर अगदी पुढे रंगुबाई बसल्या होत्या. त्या कडूबाईंच्या शेजारच्या, शेतकरी घरातल्या. चर्चच्या नव्हेत, पण त्यांची नातवंडं कडूबाईंच्या अंगणवाडीत वाढली, त्यामुळे सणाला टोपलीभर पेरू घेऊन त्या न चुकता येत. ऐंशी वर्षांच्या, कानाने थोड्या कमी. पण जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसल्या की गल्ली थांबायची.

पहिलं कडवं झालं. कॉयरने श्वास घेतला, तिसऱ्या दिवसाला हात घालणार, तोच सतरंजीवरून खणखणीत आवाज उठला:

वर एक पानी, खाली एक पानी,
मधी कोन तानी निळा पदर...

रंगुबाईंना कडव्यांच्या कापाकापीचा पत्ताच नव्हता. महिनाभर ओट्यावरून जे कानी पडलं, ते त्यांना पाठ झालं होतं. एकानंतर दोन येतात, एवढं त्यांना कळत होतं. गल्लीतल्या चार बायकांनाही ते पाठ होतंच, त्यांनी ओळ उचलली. मग मागच्या सतरंज्यांनी उचलली.

बिभीषणची बोटं क्षणभर पट्ट्यांवर तशीच थांबली. मग निमूट त्यांच्या मागे गेली.

कडूबाई मात्र गात नव्हत्या. त्यांच्या कानात एकच शब्द अडकला होता. पदर? आधी राग आला. म्हातारीने ओळ बिघडवली! दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे उन्हातून चाललेली, लेकराच्या डोक्यावर पदर धरलेली बाई आली. तिसऱ्यांदा त्या स्वतःच 'पदर' म्हणाल्या.

आता दुसरा दिवस झालाच होता, तर चौथ्याने काय पाप केलं होतं? तिसरं कडवं संपताच कडूबाईंनी दिराकडे पाहून मान हलवली. बिभीषण चांदण्यांपर्यंत चढले. सूर शेवटी जरा फाटला, पण पोचला. एक कोंबडी ओरडली. पाळकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग तो हात पाठीमागे घेतला.

पाहुणे उपदेशाला उभे राहिले. "माझं निम्मं तुम्ही गाऊनच टाकलंत," ते हसून म्हणाले आणि खरोखरच निम्म्यात आटोपलं. सणाचं जेवण पहिल्यांदाच वेळेवर सुरू झालं.

पंगत बसायच्या आधी कडूबाईंनी रंगुबाईंना गाठलं. "मावशी, तुम्ही शब्द बदललात. छान बदललात."

"म्या?" रंगुबाई पेरू पुसत म्हणाल्या. "म्या कशाला बदलू? तूच तसं म्हनत हुतीस. रोज ऐकलंय म्या."

कडूबाईंनी वाद घातला नाही. वहीत 'पडदा'वर काट मारून 'पदर' लिहिलं आणि मनातल्या मनात ओळीखाली दोघींचंही नाव घातलं.

बिभीषण पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलले, "वहिनी, सातव्या दिवसाचं बी एखादं कडवं लिवा की. चाल हाय माझ्या डोक्यात."

"सातव्या दिवशी देव बसला, भावजी," कडूबाई पत्रावळ मांडत म्हणाल्या. "तुम्हीही बसा. वाढते मी."