कोचरेकरांच्या खोडलेल्या ओळी

अनिरुद्ध कोचरेकरांना जाऊन चौदा महिने झाले, पण ते डावे म्हणून गेले की उजवे म्हणून, हे अजून ठरलेलं नाही. त्यांच्या पक्षातले जुने सहकारी चंद्रप्रकाश म्हणतात, माणूस शेवटपर्यंत लाल होता. चरित्र लिहिणारा किरण म्हणतो, शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं मन पालटलं होतं, फक्त तसं छापायला ते धजले नाहीत.

दोघांनाही सुलक्षणाच्या वह्या हव्या होत्या. हात थरथरू लागल्यापासून अकरा वर्षं, दर मंगळवारी दुपारी दोनला, कोचरेकर मुलुंडहून फोनवर लेख सांगत. सुलक्षणा विक्रोळीच्या घरी तो वहीत उतरवून घेई, मग टाइप करून पेपरला पाठवी. एखादं वाक्य सांगून झालं की ते जरा थांबत आणि म्हणत, "खोडा." ती खोडे, पण एकच बारीक रेघ मारून. खालची अक्षरं वाचता येत.

दोघांनी भेटीसाठी वेगवेगळे दिवस मागितले. तिने दोघांनाही मंगळवारी दोनचीच वेळ दिली. ती वेळ तिला एकटीने काढवत नसे.

"तुम्ही पण?" किरणला सोफ्यावर पाहून चंद्रप्रकाश म्हणाले.

"मी फोन करून आलोय, काका."

"मग मी काय खिडकीतून आलो?"

मध्ये उशी ठेवून दोघं बसले. सुलक्षणाने चहा दिला, वह्या समोर ठेवल्या. किरणला पंधरा मिनिटांत हवं ते मिळालं.

"ऐका. 'कारखान्यातल्या संपाबाबत मी चुकलो.' त्यांचंच वाक्य!"

"खोडलंय ते."

"खोडलं म्हणजे मनात होतं ना."

चंद्रप्रकाशांनी पान उलटलं. "आणि हे? 'पुन्हा संप झाला तर पुन्हा कामगारांबरोबर उभा राहीन.' हे काय पोटात होतं?"

"हेही खोडलंय, काका."

"तेच म्हणतोय मी!"

दोघांनी आपापल्या पानाचा फोटो काढायला मोबाइल काढले. तासभर कुणीतरी सरांबद्दल बोलेल, असं सुलक्षणाला वाटलं होतं. खोकला आला की ते फोनवर कशी माफी मागत, सणावाराला काय विचारत. कुणी त्यातलं काही विचारलं नाही.

"ताई, तुम्हीच सांगा," किरण म्हणाला. "अकरा वर्षं ऐकलंत. खरं काय होतं?"

"ते कधी बोलले नाहीत. मी विचारलंही नाही."

"भेटलात तेव्हासुद्धा नाही?"

"भेटलो नाही कधी." विक्रोळी ते मुलुंड, चार स्टेशनं. तिने वहीवर हात ठेवला. "फोटो नको. ते खोडा म्हणाले होते."

"मग वाचता येईल असं ठेवलंत कशाला?" चंद्रप्रकाशांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"वाचताना आवाज येतो त्यांचा."

किरणने हे टिपून घेतलं नाही. निघताना तो म्हणाला, "उद्या त्यांच्या मुलीचं परवानगीचं पत्र आणतो. मग वह्या द्याव्याच लागतील, ताई." दोघं भांडतच जिना उतरले.

सुलक्षणाने जाड काळा मार्कर घेतला आणि पहिली वही उघडली. खोडलेली प्रत्येक ओळ ती एकदा मोठ्याने वाचायची, मग अक्षर दिसेनासं होईपर्यंत काळी करायची. काळ्या केलेल्या ओळीचा आवाज पुन्हा यायचा नाही, हे तिला माहीत होतं. पाच वाजेपर्यंत दोन वह्या झाल्या.

घाईत ती कानावर येईल ते सगळंच लिहीत असे. त्यामुळे मध्येमध्ये लेखात नसलेली वाक्यंही होती. दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर असंच एक होतं: "पाणी पिऊन या, मी थांबतो."

हे खोडा म्हणून ते म्हणाले नव्हते. ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली आणि तिने तिसरी वही उघडली.