मान डोलवणारा म्हातारा

माझ्या धाकटीचं, नम्रताचं लग्न झालं ते दोन हजार एकोणीस साल. तेव्हा मी डिलाईल रोडहून गिरगावात चिंतामणीनानांकडे कामाला जात असे. नाना बँकेतून निवृत्त झालेले, घरात एकटेच. त्यांचा जीव चिनी मातीच्या जुन्या बाहुल्यांत होता. त्या जर्मनीत घडवलेल्या. घडवणाऱ्यांनी चीन कधी पाहिला नव्हता, तिकडून आलेल्या मूर्ती बघून त्यांनी आपल्या मनाचे चिनी बनवले, असं नाना सांगत.

कपाटात मधोमध एक ढेरपोट्या म्हातारा बसलेला. त्याचं डोकं वेगळं होतं, खाली वजन लावून मानेच्या भोकात टांगलेलं. जरा धक्का लागला की ते डोलायचं.

"बकुळाबाई, हा तुमचा बुद्ध," नाना म्हणाले.

"आमचा असा दात काढत बसत नाही हो."

नाना खूप हसले.

पुढे शेजारी टॉवरचा पाया खणायला लागले आणि म्हातारा आपोआप डोलू लागला. केर काढताना पाठीमागे बारीक टिकटिक चालायची. ती वाढत गेली. मग न्हाणीच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली.

"नाना, घर हलतंय. लेकीकडे दादरला चला."

"घराला काही होत नाही. ह्याच्या मानेचा टवका मात्र उडेल."

लेक ऋता येऊन भांडली. "बाबा, बाहुल्याही नेऊ या की!"

"टेम्पोत? एक धड पोचणार नाही."

"मग तुम्ही तरी चला."

"ह्यांना टाकून?"

ती रडत गेली.

एका सकाळी मी आले तर टिकटिक बंद. बरं वाटलं. वाटलं, खोदकाम थांबलं.

"कापूस भरला मानेत," नाना खुशीत म्हणाले. "बघा, कसा गप्प बसलाय!"

तेवढ्यात पायाखालची फरशी थरथरली. बाहेर यंत्र चालूच होतं. म्हातारा तसाच हसत होता, आणि घर हलतंय हे आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी कपाट उघडून कापूस उपटला.

"अहो, काय करताय!"

डोकं डोललं नाही. ते मानेच्या भोकाच्या कडेवर आपटायलाच लागलं. वरून माती गळली. नानांचा चेहरा पांढरा पडला.

"चला," ते म्हणाले.

मी त्यांना हात धरून दारापर्यंत आणलं. मी जिन्यात पाय ठेवला तोच त्यांनी हात सोडवून घेतला.

"एवढा एकच घेतो."

"नाना, नको!"

त्यांनी त्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं मी पाहिलं. मग मागची भिंत बाहेर गेली आणि तिच्याबरोबर खोलीची जमीन.

चिंतामणीनाना १४ ऑगस्ट २०१९ रोजी, बुधवारी सकाळी वारले.