टेन्शनरवरची तारीख

१३-११-९९. बोटाच्या पेराएवढ्या जागेत खिळ्याच्या टोकाने कोरलेले आकडे, दोन्ही नवांच्या शेपट्या जरा लांब गेलेल्या, खाचांत काळं तेल साचलेलं...

"आजी, बघा, कुणीतरी जन्मतारीख घालून ठेवलीय याची," मेकॅनिक हसत म्हणाला आणि तो तुकडा चिंधीत धरून त्याने तिच्या हातात ठेवला.

टेन्शनर. तळहातापेक्षा थोडा मोठा. एक आखूड दांडा, पोटात स्प्रिंग, टोकाला फिरणारं चाक. इंजिनाच्या पट्ट्यावर दिवसरात्र दाब देऊन तो ताणलेला ठेवायचा, एवढंच याचं काम. हा थकला की पट्टा घसरतो आणि किंचाळतो. सकाळी गाडी गार असताना जास्तच. तीन आठवड्यांपूर्वी तो आवाज इतक्या वर्षांनी पुन्हा आला तेव्हा हातातली किल्ली तशीच धरून ती बसून राहिली होती.

"पट्टा दोनदा बदललाय तुम्ही, पण याला कुणी हातच लावला नाही. नवी सून आणायची आणि सासू तीच ठेवायची, मग घरात किरकिर होणारच! हा बदलला की तुमचं टेन्शन गेलं." हा विनोद तो प्रत्येकाला सांगत असणार.

ती हसली नाही. अक्षर तिच्या नवऱ्याचं होतं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता. तिथे कुठलाही भाग बदलला की त्यावर तारीख कोरायची, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला कळतं. ती सवय घरी आली. नळाच्या तोट्या, दाराच्या बिजागऱ्या, कुकरचं हँडल... "लग्नाची तारीख विसरता, आणि तोटीची कोरून ठेवता!" असं ती म्हणायची, तर तो म्हणायचा, "तोटी बदलता येते ना, म्हणून."

तेरा नोव्हेंबर. म्हणजे शनिवार. हे तिला मोजावं लागलं नाही, कारण सोमवार पंधरा तारखेचा होता, आणि तो सोमवार तिच्या अंगावरच कोरलेला होता.

त्या सोमवारी पहाटे लेक घर सोडून गेली. ठकी, तिच्या बापाने ठेवलेलं नाव. परदेशातल्या प्रयोगशाळेत दोन वर्षांचं काम मिळालं होतं, आणि इथे आईने स्थळ पक्कं करत आणलं होतं. "गेलीस तर मी मेले असं समज," असं आईने म्हटलं होतं. आईने – नाही, आईने कशाला, मीच. जेवता जेवता, हातातला घास न थांबवता म्हटलं होतं.

ठकी गाडी घेऊन स्टेशनवर गेली, गाडी तिथे उभी करून गेली. मंगळवारी संध्याकाळी नवऱ्याने ती आणली. बुधवारी सकाळी तो कामाला निघाला, गाडी सुरू झाली आणि आवाज आला नाही. ती धावत खिडकीत गेली. "आवाज कुठे गेला?" त्याने काच खाली केली. "बदललं ते," तो म्हणाला. "कधी?" "काल. गाडी आणताना."

काल.

त्या आवाजानेच तिला रोज जाग यायची. साडेपाचला त्याची पहिली पाळी, गाडीची किंचाळी समोरच्या भिंतीवर आपटून झोपायच्या खोलीत शिरायची. आत बसणाऱ्याला काचा लावल्यावर तेवढी जाणवत नसे, घरात मात्र भांड्यावर सुरी घासल्यासारखी. तीन महिने ती त्याच्या मागे लागली होती, तो आवाज बंद करा नाहीतर गाडी विका. आणि ज्या दिवशी लेक गेली नेमक्या त्या दिवशी तिला ऐकू आलं नाही. पावणेसातला जाग आली तेव्हा भिंतीवर ऊन होतं. नवऱ्याला रविवारला जोडून सोमवारचीही सुटी, रविवारी गाडी हललीच नव्हती, झोपायला मुभा होती. पण तो पलंगाच्या कडेला पाठमोरा बसला होता, हात गुडघ्यांवर. किती वेळ बसला होता, ते तिने कधी विचारलं नाही.

आई असून झोपले कशी? हा एक प्रश्न घेऊन ती पंचवीसेक वर्षं जगली. नंतर झोपेचाच धसका घेतला.

लेक गेली त्यानंतरच्या जानेवारीत ठकीचं पत्र आलं. तिचा चष्मा दुरुस्तीला होता, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं. "निघताना गाडी चालू ठेवून पाच मिनिटं खिडकीखाली थांबले होते. तू येशील असं वाटलं. आली असतीस तर कदाचित..." पुढे तीन टिंबं होती, ती त्याने वाचली नाहीत, नंतर तिने पाहिली. तिने लिहिलं, मला झोप लागली होती गं. उत्तर आलं, "आई, त्या आवाजाने तुला रोज जाग येते." तेही त्यानेच वाचलं. घडी घातली, घडीवर नख फिरवलं, आणि म्हणाला, "जाऊ दे. कळेल तिला कधीतरी."

आता हा तुकडा. शनिवारचा.

म्हणजे सोमवारी आवाज नव्हताच. मी झोपले नव्हते – म्हणजे झोपले होते, पण ऐकायला काही नव्हतं.

त्याने ठकीला गुपचूप जाता यावं म्हणून बदललं? की शुक्रवारी मी ताट आपटून आवाजाचं शेवटचं सांगितलं म्हणून, निव्वळ माझ्या कटकटीपायी? आणि मग सोमवारी आपण काय करून बसलो हे कळल्यावर तोंडून 'काल' निघालं, आणि निघालेला शब्द गिळता येईना?... पण खोटं बोलणारा माणूस तारीख खरी कशी कोरतो? की तारीख आधी कोरलेली होती, आणि खोटं नंतर सुचलं, आणि मग ही गाडी त्याने कधी विकू दिली नाही...

"आजी? पाणी देऊ?"

"नको. नवा बसवलास?"

"बसला. एक बोल्ट, दुसरं काय." त्याने लांब पाना लावून दांडा मागे ओढला, पट्टा त्याच्या खाचांत सरकवला, पाना सोडला. पट्टा ताठ झाला. इंजिन सुरू झालं, नुसती घरघर. "ऐका, काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच तर!" तो खूश झाला. "याच्यावर घालू का तारीख? तुमची पद्धत दिसतेय."

"घाल. आजचीच घाल."

"मग काय उद्याची घालीन?"

परदेशी गेल्यावर चौथ्या वर्षी ठकी तिकडेच तापाने वारली. कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. स्थळ म्हणून पाहिलेला मुलगा आता आजोबा झाला आहे, बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात तो दोनदा म्हणाला होता, "त्या गाडीचं एक सांगायचं होतं." आणि ती म्हणाली होती, "गाडीचं नंतर बघू हो, आधी औषध घ्या." औषध घेतलं त्याने.

घरी आल्यावर तिने गाडी खिडकीखाली लावली. इंजिन बंद केलं नाही. जुना टेन्शनर मांडीवर, काचा वर. या जागेवरून तिने आपली खिडकी कधी पाहिली नव्हती. पडदा अर्धा ओढलेला, आत काळोख. इथून वाटतं, कुणीतरी पडद्याआड उभं आहे आणि मुद्दामच पुढे येत नाही.

तिने पाच मिनिटं मोजायला घेतली. झोपलीय गं ती, ऐकूच आलेलं नाही तिला... हे आपण कुणाला सांगतो आहोत ते तिला नीट कळेना, तरी ती सांगत राहिली. चौथ्या मिनिटाला तिचा हात आपसूक हॉर्नवर गेला.

हॉर्न होता की. तेव्हाही होता.

ठकीने वाजवला नव्हता.

हात तिथेच राहिला, दाबला नाही, काढलाही नाही. आणि आपल्याच रिकाम्या खिडकीकडे ती बघत बसली – बाहेर जाऊ बघणाऱ्या मुलीसारखी, जिला आईने उठावं असंही वाटतं आणि उठू नये असंही.