खालची ओळ कापलेला कागद

मी एक झेरॉक्सचा कागद बोलतोय. तोही मूळ पानाची झेरॉक्स नव्हे, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. अमरावतीत कॉलेजसमोरच्या दुकानात मला घाईघाईत काढलं आणि अंग गरम असतानाच माझी घडी घातली. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माझ्यावर एक कविता आहे. कवीचं नाव नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला वसंत सर अपठित कवितेचं रसग्रहण शिकवतात, तेव्हा ती दरवर्षी वाटतात. कविता एवढीच:

‘आई, दारात कोण गं?’
‘वारा आहे, झोप तू.’
‘अंगणात कोण चाललं?’
‘पान आहे, झोप तू.’
‘मग तू का गं जागी अजून?’

इथे मी संपतो.

सरांनी उत्तर लिहून दिलं: ‘आईच्या मौनातून कवीने स्त्रीमनाचे एकाकीपण अधोरेखित केले आहे.’ मुलांनी ते उतरवून घेतलं आणि मला वहीत कोंबलं. कविता न वाचताच तिचं एकाकीपण पाठ करायचं, ही कसली रीत, मला काही उमगलं नाही.

माझी मालकीण आचल, वरूडची. मागच्या वेळी ती याच प्रश्नामुळे नापास झाली होती. तिचे बाबा फोनवर सरळ बोलले, ‘यंदाही गेली तं सामान आवर अन् घरी ये. मंग तुयं लग्न पाहू.’

म्हणून ती मला रोज काढायची. एके दुपारी तिचं बोट माझ्या तळाशी थांबलं. तिथे काही काळ्या तुटक रेघा आहेत. सगळे त्यांना यंत्राची घाण समजायचे.

‘रागिणी, पाह्य ना,’ तिनं मैत्रिणीला दाखवलं. ‘ह्या अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा हायेत. खाली अजून एक ओळ होती. कापल्या गेली.’

‘असन,’ रागिणी म्हणाली. ‘तुले पास व्हाचं हाये का नाई? सरांनी देलं ते लिव ना वं.’

‘आई दोनदा उत्तर देते. तिसऱ्या खेपेले काहून गप बसन?’

मी जोरात फडफडलो. पंखा चालू होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात, तिच्या सॅकमध्ये. पेपर कॉलेजचाच, सरांनीच काढलेला; तीच कविता आली होती, पण टाइप केलेली. तिच्यात माझ्या रेघा कुठून असणार? मी आतल्या आत तळमळत होतो. पोरी, पाठ केलेलं लिही आणि सूट, माझ्यापायी तुझं कॉलेज जायला नको, असंच मला वाटत होतं. खरं सांगतो, मला भीती वाटली.

तिनं ते लिहिलं नाही. ‘आई गप्प आहे असे मला म्हणता येत नाही. ती आधी दोन्ही वेळा उत्तर देते. इथे एक ओळ राहिली असावी,’ असं लिहिलं. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल फुली होती आणि आचल पुन्हा नापास होती.

ती मला घेऊन स्टाफरूममध्ये गेली. तिनं पेपर आणि मला सरांपुढे ठेवलं.

‘कवितेत नाही ते लिहायचं नाही, हे मीच शिकवलं ना?’ सर वैतागून म्हणाले.

‘हो सर. मंग गप राहनं तरी कुठं लिवलं हाये?’

सरांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. माझ्या तळाच्या रेघांवरून नख फिरवलं आणि खुर्चीत बसले.

‘इतकी वर्षं मी या बाईला गप्प बसवलं,’ ते हळू म्हणाले. मग त्यांनी ती फुली खोडून मार्क दिले.

आचल आता दुसऱ्या वर्षाला आहे. मी सरांच्या टेबलावर असतो. मूळ पानासाठी त्यांनी लायब्ररी पालथी घातली, अकोल्याच्या मित्राला कामाला लावलं. कुणाकडेच ते नाही. कधी कधी ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मी ओळ लपवून बसलोय.

मला ती माहीत नाही हो. मी जन्मलोच कापलेला. तुमच्याकडे जुन्या मासिकांचा गठ्ठा असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळा. आई बोलली आहे, एवढं नक्की. काय बोलली, तेवढं मला सांगा.