पहिल्या फेरीची जागा

“ब्रेक जड लागतोय,” असं म्हणत रघुजीने नंदीबेट्टाच्या डोंगरमाथ्यावर बस थांबवली. इंजिन चालूच ठेवलं, हातब्रेक ओढला आणि चाकाला दगड लावायला खाली उतरला.

त्याची बायको अंबूबाई पुढच्या सीटवर मांडीवर चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या भाताचा, डबा घेऊन बसली होती. मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या होत्या. परवा त्यांच्यावर चाळीस माणसांचं वऱ्हाड बसणार होतं.

यशवंतपुरातल्या यल्लाप्पाच्या गॅरेजात एक रीत होती. ज्याने इंजिन बदललं, त्यानेच गाडी पहिल्यांदा नंदीबेट्टावर न्यायची आणि शेजारी आपल्या घरचं माणूस बसवायचं. त्यामुळे काम करताना हात सावध राहतो, असं यल्लाप्पा म्हणे. त्याची स्वतःची बायको मात्र एकदाही बसली नव्हती. अंबूबाई एकोणीसशे चाळीस सालापासून, म्हणजे एकवीस वर्षं, न चुकता बसत आली होती.

या जुन्या बसला रघुजीने लष्कराच्या लिलावातलं मोठं पेट्रोल इंजिन बसवलं होतं. त्याचे सगळे भाग उलट्या बाजूला आल्यामुळे नळ्यांना नवी वाट काढावी लागली. रघुजीला सगळ्यात जास्त भीती पेट्रोलच्या वाफेची. वाफ तापल्या लोखंडावर गेली तर भडका. म्हणून टाकीच्या वाफेची नळी त्याने गार बाजूने नेली. मग व्हॅक्यूमच्या रबरी पाईपला तापणारी बाजूच उरली. इंजिन या पाईपातून हवा ओढतं, आणि त्या जोरावर एवढ्या बसचा ब्रेक माणसाच्या पायाने दबतो.

इंजिन अर्धा तास तापवायचं, पाईपचं टोक सोडवायचं आणि त्यावर अंगठा ठेवायचा, ही त्याची तपासणी. अंगठा आत ओढला गेला की काम पक्कं. काल त्याने अंगठा ठेवला तेव्हा काहीच जाणवलं नाही. तरी मान हलवून तो यल्लाप्पाला म्हणाला, “सरी आहे, अण्णा. सगळं ठीक.”

सहा महिने त्या अंगठ्याला काहीच जाणवत नव्हतं. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर फिटर म्हणून आपलं काय उरणार, हा विचार त्याला सोडत नसे.

आताही त्याने पाईपचं टोक सोडवून अंगठा दाबून धरला. काही नाही. पाईप मेला की अंगठाच मेलाय, हे त्याला कळेना. पुढे उताराची वळणं दिसत होती. 

एकदा त्याला वाटलं, टोक परत लावावं, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू उतरावं, निभावून जाईल. त्याने वर पाहिलं. अंबूबाई खिडकीतून त्याच्याकडेच बघत होती.

“अंबू, स्वल्प खाली ये,” तो म्हणाला. “इथं अंगठा ठेव. ओढतंय का बघ.”

तिने पदर खोचून अंगठा ठेवला. “नाही ओढत.”

“नीट दाब.”

“दाबलाय की हो. काहीच नाही.”

रघुजी तिथेच पायरीवर बसला. 

“माझ्या अंगठ्याला कळत नाही गं. काल मी तसंच सांगून टाकलं.”

“ठाऊक आहे मला,” अंबूबाई म्हणाली. “उगादीच्या सणाला तव्यावर बोट टेकलं होतं तुमचं. कातडी जळल्याचा वास आला, तरी तुम्ही बोलतच होतात.”

“ठाऊक होतं, तर बसलीस कशाला?”

“मी नाही म्हटलं असतं, तर यल्लाप्पाअण्णांनी कारण विचारलं असतं.” तिने खोचलेला पदर सोडला. “भीती वाटत होती. वर येताना प्रत्येक वळणाला वाटत होती.”

रघुजी उठला.

इंजिनामागे हात घातल्यावर दोष सापडला. पाईप उष्णतेने मऊ होऊन आतल्या आत चपटा झाला होता. त्याने तो गार होऊ दिला, तारेचं वेटोळं करून आत सरकवलं आणि पाईप तापल्या लोखंडापासून लांबून वळवून घेतला. इंजिन पुन्हा अर्धा तास तापवलं. अंबूबाईने पुन्हा अंगठा ठेवला आणि दचकून मागे घेतला.

“ओढतंय. चांगलं ओढतंय.”

त्याने टोक परत जागेवर लावलं आणि बस उताराला लावली. ब्रेक दर वळणाला लागत होता, तरी रघुजीची भीती खालचं गाव येईपर्यंत गेली नाही.

गॅरेजात यल्लाप्पा वाटच पाहत होता. “काय रघुजी, सरी?”

“आता सरी आहे, अण्णा. काल नव्हती.” रघुजीने सगळं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा. शेवटी म्हणाला, “उद्यापासून मला गाड्या धुण्या-पुसण्याचं काम द्या. पाईप दुसऱ्या कुणाला तरी बघू दे.”

 यल्लाप्पाने होकारार्थी मान हलवली.

अंबूबाई नळावर हात धूत होती. तिच्या अंगठ्यावर पाईपच्या टोकाचा गोल वळ उठला होता, आणि ती तो चोळत होती. रघुजीने आपला अंगठा उजेडात धरला. त्यावरही तसाच वळ होता, जास्त खोल, कडेला रक्त साकळलेला. त्याने तो पाण्याखाली धरला आणि पाणी गार आहे की गरम, हे तिला विचारलं.