ग्रहाचं बारसं

या, अशा जवळ सरका. काल्याचं कीर्तन आत्ताच सुटलंय, पंगत बसायला अवकाश आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगते – एका नावाची. मनगटीपासून सुरू होते ती... काळ्या मण्यांची, तान्ह्या हाताची मनगटी, इतकी लहान की रोहिणीची करंगळीही तीत जेमतेम गेली असती. आणि ती बांधलेली होती गेमच्या रिमोटच्या वायरीला, गाठीवर गाठ मारून. ही तर आपणच आणली होती, युसूफ वडगावच्या बाजारातून, बारशासाठी – रोहिणीला आठवलं, आणि हातातला रिमोट एकदम जड झाला.

"धरा ना आक्का," राजनंदिनी म्हणाली. "मी सांगते तसं करा."

राजनंदिनी तिची भावजय. धाकट्या भावाचा, सुरजचा फोन आला होता – "ये बाई तू. बाळ गेल्यापासून ही दिवसभर त्या गेममधी. माझ्याशी बोलत न्हाई, आईशी न्हाई. दुकानातनं मीच आणला, जीव रमंल म्हणून..." – आणि रोहिणी सकाळच्या एसटीनं सिरसाळ्याला माहेरी आली ती मनाशी ठरवूनच, की पोरीला त्या पडद्यासमोरून उठवायचं, केस विंचरायचे, धर्मापुरीच्या देवळात घेऊन जायचं. पण राजनंदिनीनं सरकून तिला बसायला जागा केली, रिमोट हातात दिला आणि बोलली. एवढ्या दिवसांनी बोलली. मग नाही कसं म्हणायचं?

आधी नुसता श्वास ऐकू आला. कुणाचा? आपलाच, म्हणजे पडद्यावरच्या, अंतराळवीराच्या पोशाखातल्या माणसाचा... मग जमीन दिसली. राखेच्या रंगाची, भेगाळलेली, झाड नाही की बांध नाही. वर हिरवट आभाळ आणि त्यात टांगल्यासारखा एक मोठा फिका गोळा. लांबवर धूर.

"ते आपलं यान. पडलंय, मोडलंय. आधी तिथवर जायचं."

रोहिणीनं एक बटण दाबलं तर आभाळ खाली आलं. दांडी हलवली तर ती स्वतःभोवतीच फिरायला लागली.

"प्रदक्षिणा काय घालताय आक्का? सरळ चला."

रोहिणीला हसू आलं, आणि बाजूला पाहिलं तर राजनंदिनीच्या ओठाची कडाही हलली होती – हलली होती ना? – पण नजर पडद्यावरून सुटली नव्हती. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. पाऊस बघून रोहिणीचे पडद्यावरचे पाय सवयीनं आडोशाला पळायला निघाले, तर राजनंदिनीनं तिचं मनगट धरलं. "पळू नका. पळलं की हवा लवकर संपते. आणि भिजू नका, ते पाणी विषारी हाय." काय गाव हे, रोहिणीच्या मनात आलं, जिथं पाऊस विषारी आणि श्वास मोजून मिळतो. कोपऱ्यात एक निळी रेघ होती, हवेची, ती आखडत चालली होती, आणि मग ती वाजायला लागली. टूं... टूं... टूं...

हा आवाज.

काचेची पेटी. आत मुठीएवढी छाती, वर-खाली, वर-खाली. पायाला पट्टी, पट्टीवर नर्सनं पेनानं लिहिलेलं 'राजनंदिनीचे बाळ' – नाव नव्हतंच ना अजून, म्हणून आईचं. काचेबाहेर आपण, हात जोडून, ओठांत विठ्ठल, आणि विठ्ठलाच्या मागे लपवून ठेवलेलं ते दुसरं नाव, आत्यानं काढलेलं, बारशाच्या दिवशी कानात सांगायचं... बारसं आलंच नाही. सुरज पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं घेऊन गेला आणि हाताला माती लावून परत आला.

"आक्का, गुहेत शिरा! डावीकडं!"

गुहेत काळोख होता आणि काळोखात तांबडी, आतून उजेड असलेली फुलं. "तोडा. त्यात हवा असते." तोडायच्या आधी रोहिणीनं रिमोटसकट हात कपाळाला लावले – कुणाच्या का जमिनीतली असेनात, फुलं ती – मग तोडलं. निळी रेघ सरसर भरत गेली, आवाज थांबला, आणि शेजारी राजनंदिनीनं श्वास सोडला, असा, की रोहिणी पडदा सोडून तिच्याचकडे बघत राहिली.

"इथं भरता येते, आक्का," राजनंदिनी म्हणाली.

एवढंच. म्हणजे दिवसभर ही हेच... रेघ संपायला आली की फूल, फूल की श्वास...

नंतर मग दगड फोडले, गंज खरवडला, मिळेल ते यानाला लावलं. यान गुरगुरलं. रोहिणीला उगाच आनंद झाला. "आता उडायचं?"

"मी न्हाई उडाले कधी. इथवर आलं की सगळं पुसून टाकते. पुन्हा नवीन ग्रह, पुन्हा पहिल्यापासून."

"कावून गं?"

राजनंदिनीनं हनुवटीनं पडद्याकडे दाखवलं. एक रिकामी चौकट उघडली होती, आत एक उभी रेघ लुकलुकत होती. वर अक्षरं आली होती – इथं पोचणारे पहिले तुम्ही. ग्रहाला नाव द्या.

आई, छबुबाई, चहा घेऊन आली. "घ्या! उठवायला बोलिवली न् हीच बसली मांडी ठोकून. प्या लवकर, लाईट जायची येळ झाली." मग थबकली. "काय मागतंय गं ते डबडं?"

"नाव," रोहिणी म्हणाली.

छबुबाईनं कप खाली ठेवले. पदरानं बशीची कोरडीच कड पुसली. "पोरीला नाव पडलं न्हवतं तेच बरं झालं. नावाला माया चिकटती. बिननावाचं असलं की माणूस इसरून जातंय." आणि कुणाकडे न बघता आत गेली, आत भांडं पडलं, ते कुणी उचललं नाही.

"तुम्ही ठेवा," राजनंदिनी हळूच म्हणाली. "आत्या तुम्हीच ना तिच्या. तुम्ही ठेवलंत तर... मी पुसणार न्हाई. उडेन मग."

रेघ लुकलुकत होती. आप्पा महाराज कीर्तनात सांगतात, नाव घ्या, मनापासून घ्या, नावाचा धनी असेल तिथून उठून येतो; आणि लहानपणापासून, टाळ हातात धरता यायला लागल्यापासून, रोहिणीनं त्यावर कधी शंका घेतली नव्हती. आज मात्र नाव घ्यावंसं वाटेना. या राखेत, या विषारी आभाळाखाली ते नाव घेतलं, आणि कुणीच उठून आलं नाही तर? मग आजवर घेतलेल्या विठ्ठलाच्या नावाचं काय? आणि बाळाचं सगळं मातीत गेलं, नाव तेवढं उरलंय, न उष्टावलेलं, आपल्या तोंडात... ते एकदा बाहेर पडलं की आपल्यापाशी काय राहील? पण नाही घेतलं, तर ही पोर उद्या पुन्हा त्याच राखेवर उभी राहील, टूं टूं ऐकत, फूल शोधत...

तेवढ्यात तिच्या पाठीवर हात आला.

बारशाला असंच करतात, ठाऊक आहे ना तुम्हाला – आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते, आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाधप मारतात, हसतात, ओरडतात, कुर्रर्र... राजनंदिनीचा हात मारत नव्हता. नुसता टेकला होता, पदराखाली, मणक्यावर. वाट बघत होता. त्या हातासरशी माझी पाठ आपोआप वाकली. हो, माझीच, कशाला दुसरीची म्हणून सांगू... पडद्याकडे नाही, मी तिच्या कानाकडे वाकले, तेलाचा वास नसलेल्या त्या रुक्ष केसांकडे, आणि इतके दिवस जिभेखाली दगडासारखं पडून असलेलं ते नाव पहिल्यांदाच ओलं झालं, हललं. भीती होती तिथंच होती. पण तिच्याखालून काहीतरी वर येत होतं, कीर्तन उभं राहताना पहिला टाळ वाजायच्या आधी येतं तसं... आणि लाईट अजून गेली नव्हती.

ते नाव मात्र तुम्हाला नाही सांगायची मी. ज्या कानात सांगितलं, त्या कानाचं ते. एवढंच करा बायांनो, पंगतीत पहिला घास उचलाल तेव्हा जरा थांबा, आणि माझ्या भाचीला आठवा. बिननावाचीच आठवा. येतं आठवता.